मृत्युपत्र एकदा केले, पुढे काय?

मृत्युपत्राचे नाव काढताच आपल्या घरांतून “अशुभ बोलू नका” असा सूर उमटतो. ज्यांनी अनित्यतेचा धम्म स्वीकारला, त्यांनी तरी मरणाच्या उच्चाराला भिऊ नये. पण ज्यांनी धीर करून मृत्युपत्र केले, तेही तो कागद पेटीत टाकून निश्चिंत होतात. ही निश्चिंतीच पुढे घात करते.

धम्मदीक्षेने आपला वारसा कायदा बदलत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगा, मुलगी व आई यांना त्यान्वये सारखा वाटा मिळतो. मृत्युपत्र असले, तर मात्र त्यातील शब्द प्रमाण ठरतो, मग तो कितीही जुना असो.

समजा, एका अविवाहित तरुणाने आपले घर भावाच्या नावे लिहून दिले. पुढे त्याचा विवाह झाला, मुलगी झाली. कागद मात्र तोच राहिला. ख्रिस्ती वा पारशी माणसाचे मृत्युपत्र त्याच्या विवाहाने आपोआप रद्द होते. बौद्धाचे तसे होत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे ५७ वे कलम तसे स्पष्ट सांगते. तो तरुण वारला तर घर भावाचे. पत्नीच्या व मुलीच्या हाती फार तर पोटगीचा दावा. ज्या समान वाट्यासाठी बाबासाहेब हिंदू कोड बिलाकरिता झगडले आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले, तो वाटा येथे एका विसरलेल्या कागदाने गिळला!

यास्तव विवाह, जन्म, मृत्यू, घटस्फोट, घर वा जमिनीची खरेदी-विक्री, यांपैकी काहीही घडले की मृत्युपत्र काढून वाचावे. शुद्धीवर असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. नोंदणी झालेली असली तरीही. मात्र जुन्या कागदावर खाडाखोड करू नये. साक्षीदारांच्या सह्यांवाचून ती व्यर्थ होय. नवे मृत्युपत्र लिहून त्यावर तारीख घालावी, “पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द” असे नमूद करावे आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही करून त्यांच्याही सह्या घ्याव्यात. बँकेतील ठेवीवरचे वारसनोंदीचे नावही तपासावे. ते नाव असलेला इसम रक्कम स्वीकारतो, पण तेवढ्याने तो मालक होत नाही.

कायद्याने दिलेला हक्क आळसाने गमावणे हा स्वतःवरच केलेला अन्याय होय. बंधुभगिनींनो, आज रात्रीच ती पेटी उघडा.