विश्लेषण : भुंगा नव्हे, झाड बघा!

अमेरिकेतील कोट्यवधी ‘अ‍ॅश’ वृक्ष गेल्या दोन दशकांत एका छोट्या हिरव्या भुंग्यामुळे मेले. त्याला रोखण्यासाठी घातलेले केंद्रीय निर्बंध २०२१ मध्ये उठवण्यात आले. झाड वाचवायचे की तोडायचे, हे आता मुख्यतः घरमालक आणि स्थानिक प्रशासनानेच ठरवायचे आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणातही हे झाड असू शकते. म्हणून कीड वेळेत ओळखणे महत्त्वाचे.

हा भुंगा आला कुठून?

‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ हा मूळचा ईशान्य आशियातला. २००२ मध्ये तो मिशिगनमधील डेट्रॉइट परिसरात सापडला. मात्र मेलेल्या झाडांची वर्षवलये तपासली तेव्हा तो १९९०च्या दशकातच आल्याचे दिसले. यंत्रणेला त्याची ओळख पटेपर्यंत त्याने चांगलेच बस्तान बसवले होते. खरे अपयश इथे आहे.

नुकसान नेमके कसे होते?

भुंगा पाने कुरतडतो, पण त्याने झाडाचे फारसे बिघडत नाही. घात करते ती अळी. सालीखाली नागमोडी बोगदे कोरत ती अन्नरस वाहण्याचा मार्गच तोडते. मोठे झाडही काही वर्षांत वाळते.

कसे ओळखावे?

आधी झाड अ‍ॅशचेच आहे ना, ते पाहा. त्याच्या फांद्या समोरासमोर फुटतात आणि एका पानात साधारण ५ ते ११ पर्णिका असतात. मग या खुणा शोधा :

• शेंड्याकडची पाने विरळ होणे
• खोडावर, बुंध्याशी नवे धुमारे फुटणे
• अळ्यांसाठी सुतारपक्ष्यांनी साल सोलल्याने दिसणारे फिकट पट्टे
• सालीला पडलेल्या उभ्या चिरा
• सुमारे ३ मिलिमीटरची, एक बाजू सपाट असलेली, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी भोके

भोके पूर्ण गोल असतील, तर कीड बहुधा दुसरी आहे. शिवाय ही कीड बहुतेकदा वरच्या फांद्यांपासून सुरू होते. डोळ्यांच्या उंचीवर भोके दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आधी मान वर करा!

मग काय करावे?

परिसरात कीड आढळली असेल, तर निरोगी झाडालाही तज्ज्ञांकडून खोडात इंजेक्शन देता येते. त्यातले एक प्रभावी औषध म्हणजे इमामेक्टिन बेंझोएट. आपल्याकडे मक्यावरील लष्करी अळीसाठी फवारतात, तेच. पानोरा एक तृतीयांशाहून अधिक गेला असेल, तर खर्च सहसा वाया जातो. मेलेले अ‍ॅश लवकर ठिसूळ होऊन मोडते, म्हणून ते उभे ठेवू नये. त्याचे सरपण दुसऱ्या गावी नेऊ नये. त्यातूनच कीड दूरवर पसरते.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावरही पोहोचली. आज पोंग्यातला भुसा पाहून शेतकरी ती ओळखतो. ही नजर रस्त्याकडेच्या झाडांसाठीही हवी. मेलेली झाडे तोडण्यावर पैसे घालण्याआधी पालिकांनी जिवंत झाडांच्या नियमित पाहणीवर ते खर्च करावेत. ओळखायला उशीर झाला, की हाती करवतच उरते.