किल्ला ही विकत आणायची वस्तू नाही!

दिवाळी जवळ आली की चौकाचौकात रेडिमेड किल्ले विकायला येतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, रंगवलेले, बुरूज-दरवाजे सगळं तयार. घरी आणा, मावळे मांडा, स्टेटसला फोटो टाका. मग पोरांनी करायचं काय? बघायचं!

अहो, किल्ल्याची मजा विटा, दगड, गोणपाट आणि चिखलात असते. बुरूज ढासळला की पोरं स्वतःच शोधून काढतात, पाणी जास्त झालं का खालचा दगड हलला. अळीव आधी पेरले नाहीत तर डोंगर बोडका राहतो, हे एकदा बोडका राहिला की कळतं. गुहेत वाघ बसवायचा की खालून रेल्वे न्यायची, हे त्यांचं राज्य.

आणि आपण? सोसायटीची नोटीस, 'पार्किंगमध्ये माती आणू नये'. अंगणात पेव्हर ब्लॉक. उरलंसुरलं स्पर्धावाले मारतात. 'हुबेहूब प्रतिकृती'ला पहिलं बक्षीस, म्हणजे बाबा आणि काका रात्रभर थर्माकोल कापणार. (ब्लॉक्सचा डबा आणला तरी आपण डब्यावरचं चित्रच करायला लावतो, ते वेगळंच.)

पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे व्हिडिओ फॉरवर्ड करायचे आणि घरच्या पोराच्या हातची माती झटकायची, हा कुठला न्याय?

नगरसेवकांनो, ओपन जिम पुरे झाल्या. दिवाळीआधी प्रत्येक उद्यानात एक कोपरा, दोन ट्रॉली माती आणि एक नळ द्या. बक्षीस नको, परीक्षक नकोत.

आपापल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे नक्की पाठवा.