मत्स्यालय हवे, पण याच समुद्राचे



राणीच्या बागेत मत्स्यालय होणार, तारापोरवालाच्या जागी नवी भव्य वास्तू उभी राहणार, या बातम्या आलटून पालटून छापून येतात आणि मुंबईकर त्या वाचून पान उलटतो. प्रत्येक बातमीत ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ असतो, काचेचा बोगदा असतो, रंगीबेरंगी परदेशी माशांचे कौतुक असते. पोराबाळांना घेऊन कुठल्या रविवारी यायचे, ती तारीख मात्र नसते. तारापोरवाला मत्स्यालय मार्च २०२० मध्ये करोनामुळे बंद झाले. पुढे लोकल सुरू झाल्या, नाट्यगृहे उघडली, मॉल तर केव्हाच गजबजले. मत्स्यालयाचे दार बंदच राहिले, कारण इमारतच जीर्ण झाल्याचे सांगण्यात आले. मार्च २०२० मध्ये जन्मलेले मूल आज पाठीला दप्तर लावून शाळेत जाते. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या शहरात राहून त्याने जिवंत, पोहणारा मासा पाहिला असेल तर तो एखाद्या हॉटेलातल्या शोभेच्या टाकीत.

माझा आक्षेप मात्र केवळ विलंबावर नाही. विलंबाची आपल्याला सवय आहे. आक्षेप आहे तो इतक्या वर्षांनी जे पदरात पडणार आहे त्यावर. २०१५ साली तारापोरवालाचे नूतनीकरण झाले तेव्हाही मोठे आकर्षण होते ते १२ फुटी काचेच्या बोगद्याचे. १२ फूट म्हणजे चार-पाच पावले! त्या चार-पाच पावलांत वर बघायचे, फोटो काढायचा, मागच्याला वाट द्यायची, झाली सहल. आणि ते नूतनीकरण पुरते पाच वर्षेच लोकांच्या वाट्याला आले. आता पुन्हा बोगदा हवा म्हणे, आधीपेक्षा लांब. अहमदाबादेत, जिथे समुद्र नाही तिथे, २०२१ मध्ये सायन्स सिटीत सुमारे २६० कोटी रुपये खर्चून मत्स्यदालन उभे राहिले. त्यातला बोगदा २८ मीटरचा आहे. शर्यत बोगद्याच्या लांबीची असेल तर मुंबई ती केव्हाच हरली आहे. दुबईच्या मॉलमधल्या टाकीशी बरोबरी करायला निघालो तर विचारायलाच नको.

मुंबईला दाखवता येईल असे आणि अहमदाबाद-दुबईला विकत घेता येणार नाही असे एकच आहे, ते म्हणजे मुंबईचा स्वतःचा समुद्र. तो इथल्या माणसालाच ठाऊक नाही. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा कुठे अनेकांना कळले की आपल्या गढूळ पाण्यातही प्रवाळ जगतात. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीला बसणारे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन खडकांतल्या डबक्यांत काय काय आहे ते दाखवतात. मोजक्या उत्साही नागरिकांना जे जमते ते कोट्यवधींच्या प्रकल्पात का बसू नये, हे मला समजलेले नाही.

यावर ठरलेला आक्षेप येईल की लोकांना बोंबील ताटात हवा असतो, काचेत नव्हे. आपले मासे रंगाने फिके, त्यातले निम्मे टाकीत जगणारही नाहीत. यातले जगण्याबद्दलचे म्हणणे अंशतः खरे आहे. बोंबील आणि पापलेट जाळ्यातून निघाल्यावर तग धरत नाहीत. पण समुद्र काही दोन माशांवर संपत नाही. पेण-अलिबागकडच्या तळ्यांत जिताडा पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात. हा मासा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. हे ऐकून कुठले मूल काचेपासून हलेल? शेवंड, चिंबोरी, ऑक्टोपस, पाकट, तांबोसा हे सगळे टाकीत राहणारे जीव आहेत. आणि निवटी पाहा. तिवरांच्या चिखलात ओहोटी लागली की हा बोटभर मासा पाण्याबाहेर येतो, छातीचे पर कोपरांसारखे टेकत चिखलावर सरकतो, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. मध्येच एक डोळा आत ओढून ओला करून पुन्हा वर काढतो. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होणारी, चिखल आणि तिवरे असलेली एक टाकी करा आणि तिच्यासमोर गर्दी किती वेळ थांबते ते मोजा. रंगीत प्रवाळमासे सुंदर असतात, नाकारत नाही. पण त्यांतले बहुतेक आजही दूरदेशीच्या प्रवाळांतून पकडूनच विकले जातात, हे तिकीट काढणाऱ्या आईबापांना कुणी सांगत नाही. गर्दीचेच म्हणाल, तर १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला साठ वर्षे बोगद्याविनाच भरत होते.

हे स्वप्नरंजन नाही, झालेले आहे. अमेरिकेत मॉन्टेरी इथे १९८४ मध्ये सार्डिन डबाबंद करण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर मत्स्यालय उघडले, ते समोरच्या उपसागराचे. त्यांच्या भल्या उंच टाकीत तिथलेच समुद्रशेवाळ वाढते आणि पाणीही उपसागरातूनच येते. कुठला मासा खावा आणि कुठला टाळावा, हे त्या मत्स्यालयाने १९९९ पासून लोकांना सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. बाजारात तळहाताएवढी पापलेटे वाट्यावर विकली जातात, तेव्हा हा नियम घेणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतो? मत्स्यालयात १३५ मिलिमीटरची एक पट्टी लावा, शेजारी पिल्लाची आणि पूर्ण वाढलेल्या पापलेटाची प्रतिकृती ठेवा. जिवंत पापलेट टाकीत ठेवता येत नसले तरी बिघडत नाही. आई पुढच्या शुक्रवारी कोळणीसमोर उभी राहील तेव्हा बरोबरचे पोरच हात ओढून सांगेल.

प्राणी काचेत कोंडूच नयेत, मुलांना चित्रफिती दाखवा, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्या भावनेचा आदर आहे. पण पडद्यावर मुले मोबाइल मिळाल्यापासून देवमासेच बघताहेत, त्याने चौपाटीवरचा कचरा कमी झालेला दिसत नाही. शिवाय स्थानिक जीव ठेवले तर टाकीत न रमलेला जीव समोरच्या समुद्रात परत सोडता तरी येतो. परदेशी मासा सोडायचा कुठे?

आणखी एक. राणीच्या बागेत आईवडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला १०० रुपयांत प्रवेश देण्याची पद्धत २०१७ पासून पडली, आणि तिथे आणलेल्या पेंग्विनच्या खर्चावर कितीही टीका झाली तरी ही एक गोष्ट पालिकेने नीट केली. नव्या मत्स्यालयाचा दर ठरवताना तोच आकडा धरावा. तारापोरवाला चर्नी रोड स्थानकातून चालत जाण्याच्या अंतरावर होते, विरारहून निघालेले चौघे टॅक्सीविना पोहोचत आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाऊन परतत. ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ म्हणजे वाहनतळाचा मजला आणि माणशी हजाराचे तिकीट असा अर्थ निघणार असेल, तर तो दर्जा विमानतळापाशीच राहू द्यावा. एका पारशी दानशूराच्या देणगीच्या आधाराने उभी राहिलेली ती वास्तू सर्वांसाठी होती. नव्या इमारतीत स्थानिक जीवांना किती टक्के जागा असेल, तिकीट किती असेल आणि दार कुठल्या महिन्यात उघडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे संबंधित खात्याने याच स्तंभात द्यावीत. बोगद्याची लांबी नाही कळवली तरी चालेल.

– एक वाचक, डोंबिवली