हेरवाडचा ठराव आणि सरकारचें परिपत्रक

कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत हेरवाड नांवाचें गांव आहे. तेथील ग्रामसभेनें मे २०२२ च्या आरंभीं असा ठराव केला कीं, पति वारला असतां त्याच्या पत्नीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें व जोडवीं काढणें हे प्रकार गांवांत यापुढें होऊं नयेत. राजर्षि शाहू छत्रपतींच्या निधनास त्याच सुमारास शंभर वर्षें पुरीं होत होतीं. मुहूर्तहि योग्यच साधला. त्याच महिन्यांत राज्याच्या ग्रामविकास खात्यानें परिपत्रक काढून, इतर ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा असें सुचविलें. ठराव व परिपत्रक यांचा हेतु एकच. सामर्थ्य मात्र एक नव्हे.

दुष्ट रूढि लोकांच्या अज्ञानावर जगते, असा कित्येक सुधारकांचा समज आहे. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. त्या दुःखाच्या दिवशीं ज्या आयाबाया घरांत जमतात, त्यांपैकीं किती जणींस समोरच्या अभागिनीच्या बांगड्या फोडणें मनापासून आवडत असेल? पुष्कळींस तो प्रकार निर्दयच वाटतो. परंतु शेजारणीसहि तसेंच वाटतें हें प्रत्येकीस ठाऊक नसतें. आणि ठाऊक असलें तरी, आपण हात आंवरला तर ती आपल्या बाजूस उभी राहील, कीं उद्यां चार घरीं आपलेंच नांव काढील, याची खात्री नसते. म्हणून एकमेकींच्या धाकानें, कोणासच नको असलेलें कर्म सर्वजणी मिळून उरकतात.

उघड माहितीचें हें बळ रूढीच्या कैवाऱ्यांस आमच्यापूर्वींच कळलें होतें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांतील चहाची गोष्ट नुसती कुजबुजीवर राहती, तर बहुधा तेथेंच निवती. गोपाळराव जोश्यांनीं हजर गृहस्थांचीं नांवें ‘पुणें वैभवां’त प्रसिद्ध केलीं, आणि ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची सोय कोणासच उरली नाहीं. ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानडे व टिळक या दोघांच्याहि मागें प्रायश्चित्ताचें लचांड लागलें. एका पेल्याचा हा केवढा खटाटोप!

हेरवाडनें तेंच शस्त्र सुधारणेच्या हातीं दिलें. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. परंतु तो भरसभेंत झाला; कोणी मान्यता दिली हें सर्वांनीं पाहिलें, आणि आपणांस पाहिलें गेलें हेंहि प्रत्येकास कळलें. परिपत्रकानें हें साधत नाहीं. तें कचेरींत येतें, सरपंच वाचतात, ग्रामसेवक नस्तींत लावतात. गांव एकत्र बसत नाहीं. व्हॉट्सॲपच्या गटावर ठरावाचें छायाचित्र फिरविणाऱ्या उत्साही तरुणांसहि आमचें हेंच सांगणें आहे. संदेश पोंचला एवढेंच त्यानें कळतें. वेळ आली असतां कोण उभा राहील, हें कळत नाहीं.

येथें एका गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतों. हेरवाडचा ठराव मांडणारी व त्यास अनुमोदन देणारी, दोघीहि स्त्रियाच होत्या. हें फार महत्त्वाचें आहे. ग्रामसभांत बहुधा पुरुषांची गर्दी असते. बांगड्या फोडण्याचें कर्म मात्र घरांत, स्त्रियांच्या हातून होतें. पुरुषांनीं चावडीवर संमत केलेली गोष्ट माजघरांतील जणींनीं एकत्र बसून ऐकलीच नसेल, तर ऐनवेळीं त्या पुनः एकएकट्याच. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा घ्यावी असें कायद्यांत आहे; पुष्कळ ठिकाणीं ती केवळ सह्यांपुरती होते. ज्या गांवांनीं असे ठराव केले, त्यांनीं ते या सभेंत व बचत गटांच्या बैठकींत मोठ्यानें वाचावे, हात वर करून मंजूर करावे, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवास गांवांतील विधवांस सर्वांदेखत बोलवावें. पहिलें कुंकू सरपंचाच्या घरच्या बाईनें लावावें.