टकळी आणि टॉरिचेली

टकळी फिरवून सूत निघेल, भौतिकशास्त्र निघणार नाही, हा आक्षेप जुना आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला, तेव्हापासून तो ऐकू येतो. मूलभूत कल्पना डोक्यातच जन्मतात आणि कारागिराच्या वाट्याला त्यांचा फक्त वापर येतो, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं.

हवेच्या दाबाची कल्पना कुठून आली ते पाहा. निसर्गाला पोकळी सहन होत नाही म्हणून पंपात पाणी चढतं, असं विद्वान शतकानुशतकं सांगत होते. ओढपंप सुमारे दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाही, हे ठाऊक होतं पंप दुरुस्त करणाऱ्यांना. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात ते एका पात्राच्या तोंडी घातलं; कारण मात्र चुकीचं दिलं. त्याला वाटलं, पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटतो. काही वर्षांतच टॉरिचेलीने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि उलगडा झाला, की पाणी ओढलं जातच नाही, बाहेरची हवा ते रेटते. पाणबुडी मोटर येण्याआधी उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी खाली गेलं की आपला शेतकरीही मोटर आत उतरवून बसवायचा, ती याच मर्यादेमुळे. उष्णता हा पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे, हा रम्फर्डचा १७९८चा युक्तिवादही तोफांना भोक पाडण्याच्या कारखान्यातून आला.

सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त कुठल्या कारखान्यात सुचला, असं कुणी विचारेल. तो कारखान्यात सुचला नाही, हे मान्य. पण त्या एका उदाहरणावरून विहीर आणि तोफ पुसता येत नाहीत.

आता थोडं वर्ध्याच्या भक्तांना. हात चालले की डोकं आपोआप चालतं, हे खरं नाही. आपल्याकडे हजारो वर्षं सूतकताई झाली. तेवढ्याने जडत्वाचा नियम कुणाला सापडला नाही. खादीवाल्यांचं मोजमाप चोख होतं : १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी, सुताचा नंबर, मजबुती. पण ते सुताशीच थांबलं. चकतीचं तेच वजन कडेकडे सरकवलं तर टकळी जास्त वेळ का फिरते, असं शिक्षकाने विचारावं, मुलांनी वेळ मोजावी, चुकीचं का होईना कारण द्यावं आणि ते तपासावं. तिथून भौतिकशास्त्र सुरू होतं. गॅलिलिओचंही कारण चुकलंच होतं.

राहिला प्रश्न टकळीला हसणाऱ्यांचा. त्यांच्या प्रयोगशाळांतली कितीतरी जर्नलं आधी उत्तर पाहून, मग वाचनं जुळवून भरलेली असतात. तिथे चुकीचं उत्तर येण्याचीसुद्धा सोय नसते.