हरण्यासाठी रचलेला खेळ

नेमबाजीच्या व्हिडिओ गेमला आशय नसतो, हे मत आमच्या क्षेत्रात सर्रास ऐकू येते. आम्हांस ते मान्य नाही. अटारीचा १९८० चा 'मिसाइल कमांड' पाहावा. डेव्ह थ्यूरर यांच्या या खेळात वरून क्षेपणास्त्रांच्या रेषा उतरत राहतात. खाली सहा शहरे, तीन तळ आणि एका फेरीत प्रत्येक तळाला दहाच क्षेपणास्त्रे. शत्रूच्या भूमीवर मारा करण्याची सोयच नाही. राखायचे तेवढे आपल्या हाती. साठा संपत आला की कोणते शहर वाचवायचे आणि कोणते जळू द्यायचे, हे क्षणार्धात ठरवावे लागते. विजयाची तरतूद नियमांतच नाही. शेवटचे शहर गेले की पडद्यावर 'द एंड' अशी अक्षरे उमटतात. (नाणे टाकून पुन्हा खेळता येते, ती धंद्याची सोय!) शीतयुद्धातील अणुयुद्धाची भीती येथे कथानकावाचून, केवळ नियमांतून व्यक्त झाली आहे. शोकात्मिका शिकवताना आपण 'अटळता' हा शब्द फळ्यावर लिहितो. ती अटळता बोटांनी अनुभवलेला एखादा विद्यार्थी समोर बसलेला असेल, तर या खेळावर त्याने निबंध लिहिण्यास आमची हरकत नाही. अट एकच: निबंध गुणसंख्येवर नको, त्या जळू दिलेल्या शहरांवर हवा.