संकटात मालकाने तोंड लपवू नये

आमच्या यंत्रमागधारक आणि कापड व्यापारी बांधवांपुढे एक विषय मांडावा असे बरेच दिवस मनात होते. धंद्यावर संकट आले की आम्ही बँकेत धावतो, सूतवाल्याला फोन करतो, असोसिएशनच्या मीटिंगला बसतो. फक्त एका माणसाशी बोलत नाही. तो म्हणजे आमच्या मागावर उभा असलेला कारागीर.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणूनच लिहीत आहोत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले. आमच्या धंद्यात पगार रोखीने आणि पंधरवड्याचा हिशोब तोंडावर आलेला. पुढे चालू खात्यातून आठवड्याला ५० हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली, पण तेवढ्यात काय भागणार? लाज म्हणा, भीती म्हणा, आम्ही चार दिवस कारखान्यात पाऊल टाकले नाही. मुकादमाला सांगून ठेवले, "शेठ बघतील, एवढेच सांग." त्याने तेवढेच सांगितले.

पाचव्या दिवशी गेलो तर निम्मे माग बंद. कारखाना विकला जाणार, पगार बुडणार, अशी आवई भिशीत जेवताना उठली होती आणि माणसे गावाची गाडी धरून निघून गेली होती. जे थांबले त्यांतला एक जुना कारागीर म्हणाला, "सेठ, बोल देते तो सब रुक जाते." नोटा बंद झाल्या हे त्यालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की मालकाच्या मनात काय आहे.

त्या एका वाक्याने आम्हाला २०२० साली वाचवले. २४ मार्चला रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजल्यापासून लागू झाली. माग थांबले, भिश्यांचे जेवण बंद झाले. भिवंडीतून उत्तर प्रदेश, बिहारचे कारागीर नाशिकच्या रस्त्याने पायी निघालेले साऱ्या देशाने पाहिले. १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले, त्यामागे गाड्या सुटणार ही अफवा होती. खरी खबर सांगणारा कोणी नसला की माणूस अफवेच्या मागे जातो.

आम्ही २५ तारखेला सकाळीच मुकादमाच्या फोनवरून सगळ्यांशी बोललो. तीन गोष्टी सांगितल्या. झालेल्या कामाचा पैसा अमुक दिवशी मिळेल. धान्य उद्या पोचेल. बंदच्या दिवसांचे किती देता येईल ते आज सांगता येत नाही, शुक्रवारी पुन्हा फोन करू. आणि शुक्रवारी, सांगण्यासारखे फारसे काही नसतानाही, फोन केला. पुढे काही जण गावाला गेलेच, पण हिशोब करून, सलाम करून गेले. माग सुरू झाल्यावर त्यांतले बहुतेक परत आले.

काही बांधव म्हणतील, कारागिराला खरे सांगितले तर ते संध्याकाळपर्यंत बाजारात जाते, पत जाते, सूतवाला उधारी बंद करतो. ही भीती खोटी नाही. पण खातेवही उघडी करा असे आम्ही म्हणत नाही. कोणाचे किती देणे आहे हे कारागिराला नको असते. त्याला तीन प्रश्न असतात : माझा पैसा कधी मिळणार, काम चालू राहणार का, आणि नाही तर मला किती दिवस आधी कळणार. एवढ्याचे उत्तर दिल्याने पत जात नाही. अर्धे माग बंद पडलेले बाजाराला दिसले की मात्र जाते.

दुसरी गोष्ट, हे काम मुकादमावर किंवा मेहताजीवर सोडू नये. निरोप दोन तोंडांतून गेला की बदलतो. शिवाय मागांच्या खडखडाटात कोणाला काय ऐकू येणार? पाळी बदलताना दहा मिनिटे माग बंद करावेत आणि मालकाने स्वतः, कारागिराच्या बोलीत बोलावे. दिवसपाळीला सांगितले तेच रात्रपाळीलाही सांगावे, नाहीतर रात्रपाळी अंदाज बांधत बसते. दहा मिनिटांत काही मीटर कापड कमी निघेल, ते नुकसान सोसावे.

तिसरी गोष्ट, मोठे वचन देऊ नये. "कोणालाही कमी करणार नाही" असे म्हणून पंधरा दिवसांनी चार माणसे कमी केली, तर पुढचे खरेही कोणी मानत नाही. जे हातात आहे तेवढेच बोलावे आणि बोललेली तारीख पाळावी. पाळता येत नसेल तर त्या तारखेच्या आदल्या दिवशी जाऊन तसे सांगावे.

मंदी, सुताची भाववाढ, वीजदर, हे सारे पुन्हा येणारच. ते आमच्या हातात नाही. कारखान्याच्या दारात उभे राहून चार खरे शब्द बोलणे मात्र आमच्या हातात आहे, आणि त्याला भांडवल लागत नाही.